अमेरिकेतली जागा

१९९९ साल. जळगावच्या टेलिफोन ऑफिसच्या रांगेत निवृत्त हेडमास्तर गिरधरराव उभे होते. कान मात्र पुढच्या मामा आणि त्यांचा भाचा यादव यांच्या बोलण्यात.

"मामा, सोमवारपासून दहावीचं गणित इंटरनेटवर. चाळीस पोरांच्या आईबापांना शब्द दिलाय. आज होस्टिंग ठरलंच पाहिजे."

"होस्टेल?"

"होस्टिंग! धडे ठेवायला जागा. पुण्यात घेऊ की अमेरिकेत?"

"येडा शे का? मनी पिंप्राळानी खोली रिकामी शे. पंखाबी शे."

"तिथे रोज दुपारी लाइट जाते, मामा. धडे चोवीस तास चालू पाहिजेत."

"अमेरिकामा लाइट जास नही?"

"कधीच नाही म्हणे."

"मंग अमेरिकाच धर!"

"धरली! ठरलं!"

"आन पोऱ्या कोठे बशीसन शिकतीन?"

"माझ्या क्लासमध्ये. घरी कॉम्प्युटर आहे कोणाकडे?"

"क्लास कोठे शे तुना?"

"पिंप्राळ्यात."

"दुपारना?"

"...दुपारचा."

"म्हंजे गणित उजेडमा, पोऱ्या अंधारमा. मंग शाळामा आन इंटरनेटमा फरक काय शे रे, यादव?"

मागे गिरधररावांना जोरात ठसका लागला.