सुभेदारांचं भाषण

सिलतऱ्याच्या बसमध्ये निवेदिताच्या पुढच्या सीटवर दोन बाया बोलत होत्या.

"भनपुरीच्या अपघातात यांचा पाय गेला. समाजसेवा करणारे क्लबवाले घरी येऊन माप घेऊन गेले, नवा पाय बनवून देला. पण हे लावतच नव्हते वो दीदी!"

"काहून?"

"म्हणे, लोक हासतील. मग क्लबनं भाषणाले एक म्हातारे सुभेदार बोलावले. लढाईत पाय गमावलेले. मी आमच्या यायले जबरदस्तीनं नेलं."

"भाषण ऐकून पटलं?"

"भाषण केलंच कुठं! माइक ठेवला, पँट गुडघ्यापर्यंत वर केली, आपला नकली पाय साऱ्यायले दाखवला अन् सरळ यायच्यापाशी आले. म्हणे, 'तू पडला तर मी उचलतो, मी पडलो तर तू उचल. चल!'"

"अन् चालले?"

"हव! हात धरून अख्खा हॉल पार केला. क्लबवाले टाळ्या वाजवून राहिले, अन् मी रडून राहिली."

"आता?"

"आजपासून कारखान्यात पुन्हा ड्यूटी. घाईघाईत डबा घरीच विसरले, तोच नेऊन राहिली."

बस थांबली. कारखान्याच्या फाटकातून एक माणूस डुलत, पण झपाझप बसकडे येत होता. ती बाई पायरीवरूनच ओरडली,

"अहो, पळू नका!"