हौसाचं माहेर, इमानातनं

माझं नाव शिरपती. जलम कृष्णाकाठच्या गावातला, पर आमचं रान नदीला न्हाई, वर माळावर, नुसती कुसळं आन् दगडं, त्यामुळं शाळंपेक्षा शेरडांमागंच जास्त फिरलो, चौथीत मास्तरानं कान पिळला तवा जी पाटी टाकली ती टाकलीच. त्याच माळावर सरकारची इमानाची धावपट्टी. वर्सातनं दोन-चार डाव कुणी मंत्री उतरायचा, बाकी दिस तिथं म्हशी बसायच्या. मी तिथं राखणीला लागलो. काम काय तर गवत कापायचं, खडं येचायचं, आन् वर घरघर ऐकली की म्हशी हाकायच्या. हसू नगा, एक म्हस आडवी बसली तर मंत्री बी वरच घिरट्या घालतो.

लगीन त्याच्या लय आधीचं. बायकू हौसा, जावळीतली, मेढ्याच्या पल्याड, डोंगरातली. मी तिच्या गावाला एकदाच गेलो, लग्नात, आन् तवा डोळ्यांवर बाशिंग, काय दिसतंय कपाळ? ती दोन पंचम्या माहेराला गेली, तिसऱ्या पंचमीला गावच न्हाई. कोयनेचं धरण झालं, पाणी चढत आलं, भाऊ उठून पार सोलापूरकडं गेलं, वाघजाईचा मुखवटा संगं नेला, पर देवीचं मूळ ठाणं पाण्यातच. गल्लीतल्या बाया पंचमीला माहेराला निघाल्या की ही सगळं घर उंबऱ्यापतोर सारवून काढायची. वली जमीन, कोण आत येतंय? कोण इचारतंय, हौसाबाई, तुमी कवा जाणार म्हणून?

मग किल्लारीचा भूकंप झाला त्याच्या पुढल्या साली आमच्या माळावर रोजचं इमान चालू झालं. रोजचं म्हंजी आठवड्यातनं तीनदा, सकाळी ममईला जायाचं, दुपारी माघारी. सरकार म्हणालं, खेड्यातल्या माणसानं बी उडावं, खुर्च्या रिकाम्या गेल्या तर तोटा आमी सोसू. खुर्च्या जायाच्याच रिकाम्या. पायलट मोकळा गडी, च्या प्यायला आमच्या खोपटात यायचा. एकदा बोलता बोलता म्हणाला, मावशी, उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की वरनं जुनी घरं दिसतात, जोती, भिती, सगळं. हौसाच्या हातातली कपबशी तशीच ऱ्हायली.

त्या दिसापासनं तिनं मला जगू दिलं न्हाई. आवं, मला बसवा. आवं, एक डाव. मी म्हन्लं, म्हातारे, येड लागलं का, पडली बिडली तर पोरीला काय सांगू? ती म्हणाली, पडले तर माहेरातच पडंन. तिनं तिची दोन बोकडं इकली, निम्मं तिकीट सरकार सोसत व्हतं म्हणून जमलं, आन् मे महिन्यात एका सकाळी ती नवं लुगडं नेसून, वटीत खण-नारळ घेऊन पायऱ्या चढली. आमचा सायेब म्हणाला, मावशी, नारळ कशाला? म्हणाली, माहेराला रिकामं जात्यात व्हय?

म्होरलं मला पायलटनं सांगितलं. पाणी दिसाय लागलं तशी ही उठली आन् म्हणाली, बाबा, जरा हळू चालीव आन् ही खिडकी उघड, देवीला वटी सोडायची हाय. कृष्णेच्या पुलावरनं यष्टीतनं पैसा टाकतो का न्हाई आपण, तसं तिला वाटलं. सगळी हसली. एक टायवाला म्हणाला, मावशी, खिडकी उघडली तर आपण सगळेच तुमच्या माहेरी जाऊ. ही म्हणाली, या की, जेवून जावा. आन् ममई आली तर खाली उतरंना. खुर्चीवर दुसरं कोण बसंल म्हणून दोन तास तिथंच बसून ऱ्हायली, वटी मांडीवर धरून.

दुपारी इमान टेकलं. ही उतरली ती पळतच माझ्याकडं आली, तोंड असं फुललं व्हतं की लग्नात बी बघितलं नव्हतं. आवं, घर दिसलं, आमचं घर दिसलं, म्हणाली, आन् खुणा सांगाय लागली. आता काय सांगू तुम्हाला. त्याच वक्ताला पाटलाच्या म्हशी पट्टीवर शिरल्या. मी म्हशींमागं, ती माझ्यामागं, ती सांगतीया आन् मी हाड् हाड् करतोय. मी म्हन्लं, राती सांग. राती मी जेवलो आन् झोपलो.

दोन वर्सांनी सरकारनं हात काढून घेतला, इमान बंद झालं. हौसा म्हणाली, ऱ्हाऊ दे, आपण लाँचनं जाऊ, वटी तेवढी ऱ्हायलीया. मी म्हन्लं, पुढल्या साली. त्याच्या पुढल्या साली बी तेच म्हन्लं. गेल्या थंडीत तिला ताप आला, तीन दिसात गेली.

ह्या मे महिन्यात लेकीला घेऊन गेलो. बाप्या माणसं वटी भरत न्हाईत, म्हणून लेक. मेढ्यापतोर यष्टी, म्होरं डोंगर उतरून धरणाच्या पाण्यापतोर, तिथनं लाँच. लाँचवाल्याला देवीचं ठाणं ठावं व्हतं, तिथं लेकीनं वटी भरली, झालं. मग ती उठली आन् म्हणाली, आबा, आईचं घर कंचं?

समोर भेगाळलेल्या गाळात जोतीच जोती, चाळीस तरी असतील, समदी सारखी. मी उभा. आंब्याच्या खालचं म्हन्ली का आडाच्या वरचं म्हन्ली? कायतरी म्हन्ली व्हती. लेकीला काय सांगू, म्हशी हाकत व्हतो म्हणून? लेकीनं लय वाट बघितली, मग करंडा घेतला आन् एकेका जोत्यावर चिमूट चिमूट हळद-कुक्कू टाकत गेली. लाँचवाला भोंगा वाजवत व्हता. मी म्हन्लं, वाजू दे, एक बी ऱ्हाऊ देऊ नगंस.

आता तुमी एवढं लिवून घेताय म्हणून इचारतो. तुमची बायकू कंच्या गावची? तिच्या माहेराचं दार कुठल्या अंगाला हाय? न्हाई ना ठावं? मग ती वही मिटा आन् घराकडं जावा, आन् ती सांगाय लागली की हातातलं काम टाकून ऐका. देव तुमचं बरं करो.