कुंडीतले धने

(कॅरी, नॉर्थ कॅरोलायना. रविवारची सकाळ. घरामागच्या लाकडी डेकवर वर्तमानपत्र पसरलंय, त्यावर एक कुंडी. वल्लरी गुडघे टेकून ब्रशनं माती सारतेय. समोर पाटावर तिची सासू, सरला.)

वल्लरी: चमचा नको, आई. वरची माती या ताटलीत, खालची त्या.

सरला: दोन्ही एकाच पिशवीतली आहे गं.

वल्लरी: तरी वेगळी ठेवायची. किती खोल पेरलेत?

सरला: बोटाचं एक पेर. धने खोल गेले की रुसून बसतात.

वल्लरी: आणि त्याआधी चोळलेत.

सरला: चोळायलाच लागतात. अख्खा धना कधी उगवतो का नीट? लाटण्यानं हलकेच रगडले. हाताला मऊ लागले, तेव्हा वाटलं, पोरीनं भिजत घातले आणि कामाच्या नादात विसरली. काळेही पडले होते. म्हटलं, फेकण्यापेक्षा मातीत तरी जाऊ देत.

वल्लरी: बाटलीवर लेबल होतं.

सरला: नुसते आकडे होते. मला वाटलं तारीख घातलीस. मी नाही का घालत लोणच्याच्या बरणीवर?

केदार: कॉफी घ्या दोघी. हे काय चाललंय? आई, काल तर तू या कुंडीला पाणी घालत होतीस.

सरला: काल पेरलं, आज उकरतोय. तुझ्या बायकोचे साडेसहाशे वर्षांचे धने मी पेरले, केदार.

केदार: इंग्लंडच्या उत्खननाच्या साइटवरचे? वल्लरी, ते तर लॅबमध्ये असतात ना?

वल्लरी: लॅबचा फ्रिज शुक्रवारी बंद पडला. मंगळवारी वय काढायला पाठवायचे होते. म्हटलं, चार दिवस घरच्या फ्रिजमध्ये राहतील. कुणाला विचारलं नाही. नमुना बाहेर न्यायचा नाही, हा पहिला नियम. नव्या मुलांना तो मीच शिकवते.

केदार: ओह, शिट.

सरला: शिव्या नंतर दे. मला एक सांग वल्लरी, साडेसहाशे वर्षं धना टिकतो कसा? माझ्या डब्यात चार महिन्यांत पोरकिडे होतात.

वल्लरी: पाण्यात पडला म्हणून टिकला. आपल्याकडे गढी असते ना, तसं तिथल्या जमीनदाराचं घर. फक्त तटाऐवजी चारी बाजूंनी खंदक, त्यात पाणी. खंदकाच्या तळाशी गाळ साचत जातो. गाळात हवा शिरत नाही, मग काही कुजत नाही. चामड्याचा बूट सापडलाय तिथं, लाकडी वाडगा सापडलाय.

सरला: आणि धने कुणी टाकले?

वल्लरी: स्वयंपाकघर पाण्याच्या कडेलाच होतं. खरकटं सरळ खंदकात जायचं.

सरला: त्याच पाण्यात?

वल्लरी: त्यातच मासेही पाळायचे.

सरला: शी. आणि शत्रू यायचा तो पोहून?

वल्लरी: शत्रूला अडवण्याइतका रुंद नव्हताच तो. माझ्या मते, येणाऱ्याजाणाऱ्यांना दिसावं म्हणून खणलेला. घर मोठ्या माणसाचं आहे, हे लांबूनच कळायला पाहिजे.

सरला: हां. म्हणजे तुमच्या कॉलनीच्या तोंडाशी कारंजं आहे, तसं. त्याचा मेंटेनन्स भरताना केदारचं तोंड बघावं.

केदार: आई, प्लीज.

सरला: हा बघ, हा काळा.

वल्लरी: नाही, ती झाडाची साल आहे. मातीच्या पिशवीतली.

सरला: आणि हा?

वल्लरी: थांबा. चिमट्यात नका धरू. हो, हाच. अर्धा आहे, पण धनाच. आई, तुमची नजर चांगली आहे.

सरला: आयुष्यभर तांदूळ निवडलेत. यात एवढं काय आहे, ते तरी सांग. धने तिथं नेहमीचे नव्हते का?

वल्लरी: धने होते. प्रश्न कधीचे, हा आहे. तिकडे प्लेगची मोठी साथ आली होती, गावंच्या गावं गेली. त्यात हे घरही ओस पडलं, असं सगळे म्हणतात. पण हे धने वरच्या गाळातले आहेत. त्यांचं वय साथीनंतरचं निघालं, तर नंतरही तिथं चूल पेटत होती. कुणीतरी वाचलं होतं. माझा सगळा थीसिस यावर उभा आहे.

सरला: आणि मी त्यांना लाटणं लावलं.

केदार: हे बघ यार, सिंपल आहे. सापडतील तेवढे धू, बाटलीत घाल, मंगळवारी पाठव. फुटलेल्या बिया काय, गाळातही फुटतात. कोण बघायला येतंय?

वल्लरी: सकाळपासून माझ्याही डोक्यात तेच आहे.

सरला: आणि तुझ्या प्रोफेसरना खरं सांगितलंस तर?

वल्लरी: तर नमुन्यांना हात लावू देणार नाहीत. वर्ष तरी जाईल. फंडिंग काढून घेतलं तर व्हिसाचंही बघावं लागेल.

सरला: आणि नाही सांगितलंस तर?

वल्लरी: तुम्ही वरून पाण्याशिवाय काय घातलं होतं?

सरला: तांदळाचं धुवण. आणि थोडं ताक, पातळ करून. कोथिंबीर कशी तरारून येते त्यानं.

वल्लरी: ते सगळं आत्ताचं. धन्यांत मुरलं असेल आणि नीट निघालं नाही, तर वय खऱ्यापेक्षा कमी येईल. साथीनंतरचं येईल.

केदार: म्हणजे तुला हवं तेच.

वल्लरी: हो.

केदार: मग प्रॉब्लेम काय आहे?

सरला: केदार, तू गप्प बस जरा. वल्लरी, म्हणजे त्या घरातली बाई साथीतून वाचली की नाही, हे माझ्या ताकानं ठरणार?

वल्लरी: तसंच होईल.

सरला: पण वाचलीच असेल गं ती. मागं कुणी तरी राहतंच.

वल्लरी: मलाही तसंच वाटतं, आई. मला तर फार वाटतं. म्हणूनच भीती आहे. हवं ते उत्तर आलं, तर मी पुन्हा तपासणारच नाही.

सरला: सांगितलंस तर धने वाया गेले म्हणायचे?

वल्लरी: अगदीच असं नाही. काय काय लागलंय ते कळलं, तर वय काढणारे त्या हिशेबानं धुऊन काढतात. एखादा वाचेल. कदाचित एकही नाही.

सरला: मग त्यांना ताकाचं कळायलाच हवं.

केदार: आई, तिचं करिअर आहे हे. तुझ्या कोथिंबिरीपायी घालवायचं का?

सरला: माझ्या कोथिंबिरीपायी ती खोटं बोलली, तर मला या घरात जेवण जाईल का? मी काही मुद्दाम केलं नाही, पण केलं ते मीच.

केदार: निदान उद्या ऑफिस अवर्समध्ये बोल. रविवारी कशाला प्रोफेसरला उठवतेस?

वल्लरी: उद्यापर्यंत मी तुझ्यासारखा विचार करायला लागेन. फोन दे.

केदार: हा घे. रागावू नकोस. मला तुझीच काळजी वाटतेय.

वल्लरी: माहितीये.

सरला: स्पीकरवर ठेव. माझं इंग्रजी मोडकं आहे, पण मी केलं, एवढं सांगता येतं मला.

वल्लरी: नको, आई. ताकाचं सांगेन, धुवणाचं सांगेन, लाटण्याचंही सांगेन. पण बाटली घरी मी आणली. ते माझं मला बोलू द्या.

सरला: बरं. मग मी आत जाऊ, की इथं बसू?

वल्लरी: इथंच बसा.

सरला: लागला का?

वल्लरी: रिंग जातेय. आई, मला भीती वाटतेय.

सरला: मलाही वाटतेय. वाजू दे.