तीन कोपऱ्यांची उशी

…नाही, पण मघाशी विभागप्रमुख सर म्हणाले की मॅडमनी इतकी वर्षं एकट्यानेच काम केलं, तिथे मला त्यांना अडवावंसं वाटलं. अरे, संबोधन राहिलंच! आदरणीय अध्यक्ष, मंचावरचे पाहुणे, आज ज्यांचा निरोप आहे त्या आमच्या मॅडम, आणि चहा कधी येतोय म्हणून दाराकडे बघणारे मित्रहो, नमस्कार.

मी मॅडमची शेवटची विद्यार्थिनी. पहिल्याच आठवड्यात लायब्ररी समजून भलतंच दार उघडलं. आत मॅडम फळ्यासमोर शिकवत होत्या. समोर बारा खुर्च्या, सगळ्या रिकाम्या. पंखा एकच चालू, फळ्याजवळचा. पहिल्या खुर्चीवर एक तिकोनी उशी.

"मॅडम, समोर कोणीच नाहीये."

"दिसतंय गं मला. दर गुरुवारी चारला बोलते मी. मोठ्याने बोललं की आपली चूक आपल्याला ऐकू येते. बस."

उशी मांडीवर घेऊन बसले.

ती उशी म्हणजेच आमचा विषय. इलेक्ट्रॉनला दोन भावंडं आहेत. सगळं सारखं, फक्त वजन वेगळं. पण मिळून तीनच का? मॅडमचं म्हणणं, आपल्याला न दिसणाऱ्या दोन मिती घड्या घालून अशा उशीसारख्या मिटल्या असतील, तर कोपरे तीनच उरतात. प्रत्येक कोपऱ्यात एक भावंड. उशी फिरवा, कोणता कोपरा कोणाचा ते ओळखूच येत नाही. ही सममिती. किती सुंदर आहे ना?

सुंदर होतं म्हणून तर एके काळी बाराही खुर्च्या भरायच्या. उशीचं गणित म्हणायचं, न्यूट्रिनो नावाचे तीन कण एकमेकांत किती मिसळतात हे सांगणारा एक कोन शून्य. प्रयोगात तो आला साडेआठ अंश. वर्षभरात खोली रिकामी. कोणी बँकेत गेलं, कोणी हवामानाच्या अंदाजात. त्यांचं चुकलं असं कसं म्हणू? पोट सगळ्यांनाच आहे.

मॅडमनी काय केलं? उशीचा एक कोपरा उसवला आणि जरा तिरका शिवला. "एक कोपरा वाकडा निघाला म्हणून कोणी उशी फेकतं का?" त्या वाकड्या कोपऱ्याचं गणित अजून पुरं झालेलं नाही.

तर सर, एकट्याने नाही. सहा वर्षं मी होते समोर. पण खरं सांगू? सहा वर्षांत मी त्यांना एकदाही विचारलं नाही, घरी कोण असतं. काल खोली आवरताना विचारलं.

"घरी? घरी फळा नाही गं," एवढंच म्हणाल्या, आणि उशी माझ्या हातात दिली. "गुरुवार आता तुझा."

मॅडम, थँक्यू. तुम्ही सगळ्यांनी ऐकलंत, तुमचेही आभार. माझी शाळा इंग्लिश मीडियमची, कुठे शब्द घसरला असेल तर पोटात घाला.

येत्या गुरुवारी चारला मी त्या फळ्यासमोर उभी असेन. मंचावर येताना शिपाईकाकांनी विचारलं, "ताई, पंखे सगळे लावू, की तुमच्यापुरता एकच?"

तुम्हाला काय वाटतं, काय सांगू त्यांना?