मास्तरांच्या पायाशी असलेला ब्रेक

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील पाहुणे मंडळी, आज निवृत्त होणारे आमचे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर आणि समोर बसलेल्या बंधुभगिनींनो,

नाव दोनदा पुकारलंत तरी यायला उशीर केला, आधी त्याची माफी मागतो. मी दाराशी उभा होतो. मास्तरांना आज घरी सोडायचा मान माझ्या नातवानं मागून घेतलाय. गाडी घेऊन तो पहिल्यांदाच एकटा निघालाय. अजून पोचलेला नाही. असो.

मी फार शिकलेला नाही, सांभाळून घ्या. हा नातू ऐन पंचविशीतला, पण लावलेलं कुलूप परत जाऊन ओढून बघणार. कुणी फोन उचलला नाही की याला घाम. छातीत धडधडतं म्हणून डॉक्टरीणबाईंकडे नेला. त्या म्हणाल्या, हृदय ठणठणीत आहे, हा चिंतेचा आजार. काळजी करत राहिलं की वाईट टळतं, असं त्याच्या मनानं धरलंय. हे मन त्यानं कुठून आणलं, ते मला विचारू नका. त्याची आजी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली तरी मी जिन्यात उभा असतो.

बाईंनी उपचार सुरू केले आणि सांगितलं, जे टाळतोस ते थोडं थोडं करायला लाग. म्हणून गाडी शिकायला घातला. शिकवणीच्या गाडीत मास्तरांच्या पायाशीही एक ब्रेक असतो. मागच्या सीटवर मी. वळण आलं की मी ‘हळू’ म्हणणार आणि पोरगा आरशात माझ्याकडे बघणार. एके दिवशी मास्तरांनी गाडी कडेला घ्यायला लावली.

“आजोबा, उतरा. तो रस्ता बघतच नाही, तुमचा चेहरा बघतो.”

राग आला, पण उतरलो. मग मास्तरांनी पाय वर घेतले आणि सीटवर चक्क मांडी घातली.

“मास्तर, पाय खाली घ्या ना. काही झालं तर?” पोरगा म्हणाला.

“काय होईल ते मलाही माहीत नाही. तुझे पाय आहेत ना खाली? चल.”

गाडी परत आली तेव्हा पोरगा घामानं निथळत होता. पण ‘बरोबर चालवली ना?’ असं त्यानं कुणालाच विचारलं नाही.

आत्ताही माझा हात सारखा खिशात जातोय. खिसा रिकामा आहे. फोन मघाशीच अध्यक्षांच्या हवाली केलाय. हसा, हसा. मास्तरही खुर्चीत मांडी घालून बसलेत, ते कुणासाठी हे मला कळतंय.

मास्तर, तब्येतीला जपा. सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे; काही कमीजास्त बोललो असेन तर पोटात घाला. दाराजवळच्या मंडळींना मात्र एक विनंती. पांढरी गाडी फाटकात दिसली की मला लगेच खूण करा. त्याला काही विचारू नका.