दोन्ही गाड्यांवर लक्ष ठेवा

पेरुमाळ: नाही. बियरने नाही झालेलं. बियरचा नुसता वास आहे.

म्फुंडो: अंकल, पुन्हा एकदा बघा. मागच्या जाळीतून थेट इंजिनावर ओतलीय माझ्या आईने. ज्वारीची, घरची, घट्ट. अख्खं मडकं उपडं केलं.

पेरुमाळ: अरे, बघायचं काय त्यात? गॅरेजचा गुत्ता झालाय माझ्या. सकाळपासून दोन गिऱ्हाइकं विचारून गेली, पेरुमाळ, कधीपासून गाळायला लागलास? तुझ्या बियरने ठिणगी देणाऱ्या दोन कॉइल गेल्या. त्या मी भंगारातून आणून बसवतो, तेवढ्या खर्चात तुझा एक टायरसुद्धा येणार नाही. पण तुझा गिअरबॉक्स गेलाय.

म्फुंडो: तोपण बियरनेच गेला असेल.

पेरुमाळ: बियर वर, गिअरबॉक्स खाली, बंद पेटीत. इकडे ये. ह्या तेलात बोट घाल.

म्फुंडो: काळं आहे.

पेरुमाळ: आणि हे चमकतंय ते? लोखंडाचा चुरा. एका दिवसात होत नाही असा. तू घ्यायच्या आधीपासून तो स्वतःला खात होता. कधी घेतलीस?

म्फुंडो: ईस्टरनंतर.

पेरुमाळ: समोर दिवा लागायचा का एखादा?

म्फुंडो: दुसऱ्या आठवड्यापासून लागायला लागला. पण बंद करून चालू केली की जायचा.

पेरुमाळ: आणि तू बंद करून चालू करत राहिलास.

म्फुंडो: जात होता ना तो!

पेरुमाळ: कंपनीचा देखभालीचा करार?

म्फुंडो: संपलेला. म्हणून तर परवडली मला.

पेरुमाळ: म्हणून तर विकली त्याने! ह्या परदेशी स्पोर्ट्स गाड्या पाच वर्षं कंपनीच्या जिवावर मिरवतात. करार संपत आला की मालक विकायला काढतो, आणि तुझ्यासारखा एक जण नवरदेवासारखा सजून घ्यायला जातो. आधी गिअरबॉक्स, मग पाण्याचे पाइप तडकतात, मग मागचे शॉक बसतात. ह्याच क्रमाने येतात माझ्याकडे. आणि तू ती गावी, नॉन्गोमाच्या दगडांवरून घेऊन गेलास? जमिनीला पोट लागतं तिचं!

म्फुंडो: नवी गाडी घरच्यांना दाखवायला नको? पूर्वजांना सांगितल्याशिवाय रस्त्यावर कशी फिरवू?

पेरुमाळ: सांगितलंस ना? मनगटावर बांधलेलं बळीच्या बकऱ्याचं कातडं अजून ओलं आहे तुझ्या. बकरा गेला, गाडीही गेली.

म्फुंडो: किती लागतील?

पेरुमाळ: आधी बस.

म्फुंडो: अंकल, किती?

पेरुमाळ: आतला एक भाग सुटा देत नाहीत ते. अख्खा मागवावा लागतो, समुद्रापलीकडून. मजुरी मी अर्धी घेईन. तरी साडेतीन लाख रँड.

म्फुंडो: निम्मी गाडी झाली ही!

पेरुमाळ: चालत नसलेल्या गाडीची निम्मी किंमतसुद्धा कोण देतो?

म्फुंडो: शनिवारी लग्नाचं भाडं आहे अंकल. नवरीला चर्चपर्यंत न्यायचंय. पैसे आधीच घेतलेत, बकऱ्यात गेले ते. काहीतरी करा. शनिवारपुरती उठवा तिला, मी हळूहळू नेईन, दुसऱ्या गिअरवर नेईन.

पेरुमाळ: नवरीला खाली उतरवून ढकलायला लावशील. नाही उठणार ती, पोरा. मी तुला खोटं सांगणार नाही.

म्फुंडो: मेलो मी.

पेरुमाळ: मरतोस कसला. आणि आधी त्या बाहेर बसलेल्या माउलीकडे बघ. सकाळपासून टायरवर बसलीय. चहा दिला तर म्हणाली, माझ्या हातून पोराचं नुकसान झालं, मला कशाला चहा?

म्फुंडो: मी हायवेवर ओरडलो तिच्यावर.

पेरुमाळ: काय म्हणालास?

म्फुंडो: तू बियर ओतून माझी गाडी मारलीस, असं. शेजारून ट्रक जात होते, धूर येत होता, मला काही सुचत नव्हतं.

पेरुमाळ: मग आता जा आणि सांग, बियरने नाही झालं.

म्फुंडो: सांगतो. नंतर.

पेरुमाळ: नंतर कधी?

म्फुंडो: तिला कळलं की गाडी आधीच खराब होती, तर ती विचारणार, कितीला घेतलीस, पैसे कुठून आणलेस.

पेरुमाळ: कुठून आणलेस?

म्फुंडो: हळू बोला.

पेरुमाळ: म्फुंडो, कुठून आणलेस?

म्फुंडो: बाबांची टॅक्सी विकली.

पेरुमाळ: ती? उमलाझीच्या मार्गावरची? परवान्यासकट?

म्फुंडो: परवान्याशिवाय कोण घेतो टॅक्सी?

पेरुमाळ: मुरुगा! अरे, ती गाडी मरत नव्हती रे. तिचं इंजिन मी दोनदा उघडलंय. तुझा बाप इथेच उभा राहून मला शिव्या द्यायचा, नटबोल्ट मोजून घ्यायचा माझ्याकडून. पंधरा माणसं कोंबून चढ चढायची ती.

म्फुंडो: तुम्हाला चढ आठवतो. मला ती रांग आठवते. बाबा गोळी लागून कुठे गेले, माहीत आहे ना? टॅक्सीच्या रांगेत, स्टिअरिंगवर. दुसऱ्या मार्गवाल्यांशी भांडण होतं संघटनेचं, बाबांचं नव्हतं. त्याच सीटवर मी चार वर्षं बसलो. शेजारी कुठली गाडी हळू झाली की मला घाम फुटायचा. आणि ह्या गाडीत काय, नवरीला फिरवायचं, शाळेच्या निरोपाच्या नाचाला पोरांना न्यायचं, सगळी वस्ती टाळ्या वाजवते. वाटलं, सुटलो. पहिले दोन महिने खरंच सुटलो होतो.

पेरुमाळ: आणि आई?

म्फुंडो: तिला सांगितलंय, टॅक्सीवर ड्रायव्हर ठेवलाय; दर महिन्याला पैसे पाठवतो, टॅक्सीची कमाई म्हणून. आत्ता ती डर्बनला त्या टॅक्सीलाच भेटायला आलीय. म्हणते, एकदा हात लावायचाय.

(आई दारात येते.)

मा: येऊ का आत?

पेरुमाळ: या, या आई. जपून, तेल सांडलंय.

मा: पेरुमाळभाऊ, बरी होईल का ती?

पेरुमाळ: बघतोय. तुम्ही बसा इथे.

मा: उभीच बरी आहे. म्फुंडो, रागावू नकोस बाळा. सगळं कसं नीट झालं होतं. तुझ्या काकांनी चाकांना बकऱ्याचं पित्त लावलं, कुळाची नावं घेतली. मडक्यात थोडी उरली होती. आणि ती केवढी तापली होती! एवढा चढ चढून आलेली, मागून नुसत्या वाफा. मला वाटलं, थंड करावी. तुझे बाबा रांगेतून घरी आले की आधी थंड बियरच मागायचे.

पेरुमाळ: आई, ऐका. तुमच्या बियरने काही...

म्फुंडो: अंकल!

पेरुमाळ: काय अंकल? किती वेळ गप्प बसू?

मा: बोलू दे त्यांना. किती खर्च आहे, भाऊ?

पेरुमाळ: बराच आहे.

मा: ह्यांच्या टॅक्सीएवढा?

पेरुमाळ: ...निम्म्या टॅक्सीएवढा.

मा: तरी मला वाटलंच. म्फुंडो, मी बाहेर बसून विचार केला. टॅक्सी विकून टाक.

म्फुंडो: मा, नको.

मा: नको काय? माझ्या हातून झालंय, मी भरून देणार. माझ्याकडे दुसरं आहे काय? तुझ्या बाबांना मी सांगीन. रागावले तर माझ्यावर रागावतील, तुला काही बोलायचे नाहीत. फक्त विकायच्या आधी एकदा तिच्याजवळ ने मला. डाव्या दाराला पोचा आहे ना, ह्यांनी स्वतः ठोकून काढलेला? तिथे हात लावते. मग खुशाल वीक.

म्फुंडो: मा, बियरने नाही झालं.

मा: मग कशाने?

म्फुंडो: ती आधीच गेलेली होती. तू काही केलं नाहीस. मी खोटं बोललो तुझ्याशी. रस्त्यावर ओरडलो तेपण खोटंच होतं.

मा: खरं सांगतोस? भाऊ, खरं का हे?

पेरुमाळ: खरं आहे, आई. दोन कॉइल गेल्या तुमच्या बियरने, त्या मी फुकट बसवून देतो. बाकी दुखणं जुनं आहे.

मा: अगं बाई! म्हणजे मी नाही मारली तिला! रात्रभर माझं काळीज जाग्यावर नव्हतं रे. मग टॅक्सी विकायला नको. चल, तुझ्या ह्या लाडक्या गाडीबाईला राहू दे इथे. फोन लाव त्या ड्रायव्हरला, म्हणावं, मालकीण आलीय, घरी सोड. पुढच्या सीटवर बसते मी. पुढच्या डिकीतले माझे भोपळे काढ आधी.

म्फुंडो: तो येणार नाही, मा.

मा: फेरीवर असेल. येईल तेव्हा येईल, थांबू आपण.

म्फुंडो: फेरीवर नाही. टॅक्सी नाहीच आहे आता. ही... ही गाडी म्हणजेच ती टॅक्सी, मा. ती देऊन ही घेतली.

पेरुमाळ: मी चहा ठेवतो.

मा: नको भाऊ. थांबा इथेच.

म्फुंडो: मार मला, मा. काहीतरी बोल.

मा: त्या दिवशी तुझ्या काकांचं झाल्यावर मी पूर्वजांच्या गोल घरात गेले होते. मागच्या भिंतीशी बसले होते. तू बाहेर गाडीचे फोटो काढत होतास.

म्फुंडो: हो.

मा: काकांनी कुळाला सांगितलं. पण ह्यांच्याशी मी एकटी बोलले. म्हटलं, पोरगं शहाणं निघालं तुमचं. तुमची टॅक्सी अजून चालतेय, आणि त्याने वर आणखी एक घेतली. आता दोन्ही गाड्यांवर लक्ष ठेवा.

म्फुंडो: मा...

मा: म्हणजे मी ह्यांना खोटं सांगून आले.

म्फुंडो: तू नाही. मी खोटं सांगितलं.

मा: तोंड माझं होतं. ह्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. भोपळे काढ, एक ह्या भाऊंना दे. नॉन्गोमाची टॅक्सी कुठल्या रांगेतून सुटते आता?

म्फुंडो: आज कशाला, मा? कालच आलीस. चार दिवस राहा, मी नेऊन सोडतो.

मा: आजच जाते. नाहीतर तुझे बाबा बिचारे दुसरी गाडी शोधत बसतील.