जीवनची तक्रार

आजच्या सभेचे अध्यक्ष, व्यासपीठावरील पोलीस अधिकारी, सरपंच दाजी पाटील, ज्यांना निरोप द्यायला आपण भिवंडीच्या या सभागृहात जमलो त्या उपनिरीक्षक मेघाली तरे मॅडम, आणि पाड्यावरून सकाळची एसटी धरून आलेल्या माझ्या माणसांनो, सर्वांना नमस्कार.

मी काशी हिलम. गणेशपुरीजवळच्या आमच्या कातकरी पाड्यावर अंगणवाडी चालवते. भाषणाची सवय लहान मुलांसमोरची, तेव्हा सांभाळून घ्या.

गावात काही चोरीला गेलं की पोलीस आधी आमच्याकडे यायचे. पुरुष रानात जायचे, आणि पळाले म्हणजे चोरच, असं ठरायचं. मॅडम आल्या तेव्हा त्यांनी पाड्याचीच एक सुरक्षा समिती करायची म्हटलं. कोण विश्वास ठेवणार? आमच्यातल्या वडीलधाऱ्या आनंदीबाई वाघे यांनी तोंडावर विचारलं, "समितीत बसलो तर मार चुकंल का?"

मॅडम म्हणाल्या, "माझ्या चौकीत कोणाला मारणार नाही. एवढंच माझ्या हातात आहे."

आनंदीबाई समितीत आल्या. मीही आले.

पुढे दाजींच्या शेतावरची पाण्याची मोटर गेली. दाजी, तुमच्यासमोर सांगते आहे, राग नसावा. तुम्ही त्या दिवशी ठाणे शहरात होता. गावातल्या काही जणांनी आमच्या पाड्यावरच्या जीवनला संशयावरून बाजारातून ओढत नेऊन विजेच्या खांबाला बांधलं. मी मॅडमना फोन केला. त्या आल्या तेव्हा जमाव म्हणत होता, "गाडीत टाका याला."

मॅडमनी स्वतः दोर सोडला आणि विचारलं, "जीवन, तुझी काही तक्रार आहे का?"

आमच्या माणसाला पोलिसांनी हे कधी विचारलं होतं का? जीवननं गर्दीतून पुढे आलेल्या आनंदीबाईंकडे बघितलं.

"इचारतात तर बोल," त्या म्हणाल्या.

तो बोलला. बांधणाऱ्यांवर गुन्हा नोंदला गेला. प्रकरण कोर्टात आहे, म्हणून नावं घेत नाही.

इथंच थांबले असते तर भाषण सोपं झालं असतं. पण काही दिवसांनी आनंदीबाई समितीच्या बैठकीत आल्या आणि म्हणाल्या, "मोटर माझ्या पंढरीनं नेली."

पंढरी त्यांचा एकुलता मुलगा. मोटर त्यानं झाडीत लपवली होती. मग एकानं म्हटलं, "गप ऱ्हावा. गाववाले बोलतील, बघा, चोर पाड्याचाच व्हता. समिती बुडंल." मलाही ते पटत होतं.

आनंदीबाई म्हणाल्या, "आन जीवननं जन्मभर चोर म्हणून फिरायचा?"

त्या पंढरीला घेऊन चालत चौकीत गेल्या. मी बरोबर होते. "बाई, यो माझा पोर. मोटर यानं नेली. मारणार न्हाय, असं तू बोललीस." आणि त्या बाहेरच्या बाकावर बसल्या. पंढरीला आत नेलं. आतून मोठा आवाज आला नाही. मॅडमनी त्याच्यासाठी सरकारी खर्चाचा वकील बोलावला, आणि तो येईपर्यंत जबाब घेतला नाही. मोटर दाजींना परत मिळाली. पंढरीला पुढे जामीन झाला, खटला चालू आहे.

मग सगळीकडून दडपण आलं. चोर पाड्याचाच निघाला, आता जीवनची तक्रार मागे घ्यायला लावा. चौकीत मोठी मंडळी बसली होती. मॅडम त्यांना म्हणाल्या, "चोरी एकानं केली, बांधलं दुसऱ्याला. गुन्हे दोन आहेत. दोन्ही चालतील."

त्यानंतर आमच्या बायका स्वतःहून चौकीची पायरी चढू लागल्या. कोणाचा नवरा मारतो म्हणून, कोणाची मुलगी कामावरून परतली नाही म्हणून. सगळं सुधारलं, असं मी म्हणणार नाही. गावाशी अजून बोलणं तुटकच आहे. नवे येणारे साहेब इथं बसले आहेत. त्यांनी हे काम पुढे न्यावं, एवढी समितीची विनंती आहे.

आनंदीबाई आज आल्या नाहीत. पंढरीची तारीख आहे, त्या कोर्टात गेल्यात. जाताना मला म्हणाल्या, "बाईला सांग, पोराला माझ्या हातानं दिला, त्यापायी अजून घास उतरत न्हाय. पन पुन्यांदा तशी येळ आली तर तिच्याकडंच नेईन."

निरोप पोचवला, मॅडम.

आयोजकांनी मला इथं उभं केलं आणि तुम्ही शांतपणे ऐकलंत, याबद्दल आभारी आहे. कोणाचा मान राखायला चुकले असेन, तर आपली लेक समजून पोटात घाला.